व्याजावर व्याज : मुलुंडमधल्या एका जोडधंद्याचं प्रकरण

२०२३ च्या एप्रिलमधल्या एका शनिवारी अनोळखी नंबरवरून फोन आला. पलीकडे एक बाई होत्या, पुढे त्यांना ताईच म्हणतो. भांडुपला राहतात, सोसायट्यांचे हिशेब लिहितात. माझ्या सॉफ्टवेअरवर बिलं निघणाऱ्या एका सोसायटीची वही ऑडिटआधी त्यांच्याकडे गेली होती.

"बिलांचा तो प्रोग्राम तुमचाच ना? अहो, व्याजावर व्याज लावताय तुम्ही."

मी म्हटलं, शक्यच नाही. त्यांनी फोनवरच एक फ्लॅट घेऊन हिशेब मांडला. महिन्याचं बिल ३,२०० रुपये, १४ महिने एक पैसा भरलेला नाही. गृहनिर्माण संस्थांच्या आदर्श उपविधींनुसार, म्हणजे सरकारी नमुना नियमांनुसार, थकबाकीवर तेव्हा जास्तीत जास्त वर्षाला २१ टक्के व्याज लावता यायचं, तेही सरळव्याज. म्हणजे महिन्याला पावणेदोन टक्के, ३,२०० वर ५६ रुपये. पहिल्या महिन्यात व्याज शून्य, दुसऱ्यात ५६, तिसऱ्यात ११२, असं करत चौदाव्या बिलापर्यंत ५६ गुणिले ९१, म्हणजे ५,०९६. माझ्या बिलावर छापलं होतं ५,४७०.

फरक ३७४ रुपयांचा. मला आधी हायसं वाटलं, कारण रक्कम किरकोळ होती. ताईंनी मग पुढचं सांगितलं. हा सभासद पैसे भरणाऱ्यातला नाही, आणि सोसायटी वसुलीच्या दाखल्यासाठी टी विभागाच्या, म्हणजे मुलुंडच्या, सहकारी संस्था उपनिबंधकांकडे अर्ज करणार आहे. पूर्वी हे सहकार कायद्याच्या कलम १०१ खाली व्हायचं, आता गृहनिर्माण संस्थांसाठी १५४बी-२९ आहे. अर्जाला थकबाकीचा तक्ता जोडावा लागतो. तक्त्यातलं व्याजच बेकायदा निघालं तर समोरच्याला हातात आयतं कोलीत मिळतं. ३७४ रुपयांपायी पन्नास हजारांची वसुली लांबली असती.

त्या फोनच्या आठवडाभर आधी मी हा धंदा बंद करायचं जवळजवळ ठरवलं होतं. तो अजून चालू आहे, आणि त्याचं कारण हाच फोन. म्हणून हे प्रकरण नीट लिहून काढतोय.

मागचं थोडं

मी ऐरोलीच्या एका कंपनीत प्रोग्रामर आहे. राहतो मुलुंड पूर्वेला, २८ फ्लॅटच्या जुन्या इमारतीत. २०२१ च्या जूनमध्ये घरूनच काम चाललं होतं, तेव्हा एक दिवस आमचे सेक्रेटरी काका लॅपटॉप घेऊन दारात उभे. "अरे, एक्सेलमधला फॉर्म्युला कुठेतरी उडालाय, सगळ्यांचं पाणी सारखंच येतंय."

सोसायटीचं बिल म्हणजे एका आकड्याचा भागाकार असा माझा समज होता. तो त्या रात्री गेला. सेवाशुल्क सगळ्या फ्लॅटना सारखं, मग तुमचा वन-रूम-किचन असो की टू-बीएचके. पाणी नळांच्या संख्येवर. सिंकिंग फंड, म्हणजे इमारतीच्या मोठ्या कामांसाठीचा राखीव निधी, बांधकामखर्चाच्या वर्षाला किमान पाव टक्का, दुरुस्ती निधी किमान पाऊण टक्का. फ्लॅट भाड्यानं दिला असेल तर बिनभोगवटा शुल्क, तेही सेवाशुल्काच्या १० टक्क्यांपेक्षा जास्त नाही. प्रत्येक खात्याची वाटणी वेगळी, आणि प्रत्येक वाटणीमागे कधीतरी सर्वसाधारण सभेत झालेलं एक भांडण. काकांना एक्सेल दुरुस्त करून देता देता मला धंदा दिसला.

पहाटे पाणी यायच्या वेळी घर उठतंच. तेव्हा सव्वापाच ते सात ही माझी वेळ ठरली. चार महिन्यांत पहिलं चालतं रूप तयार झालं. एक सर्व्हर, एक डेटाबेस, साधी वेबसाइट. मोबाइल अॅप वगैरे काही नाही. त्यातला पंधरवडा एकट्या मराठी छपाईनं खाल्ला. पीडीएफ बनवणारी जी लायब्ररी मी घेतली होती तिला देवनागरीची जोडणी कळत नव्हती. 'शिल्लक' या शब्दातली वेलांटी श च्या डोक्यावरून उतरून भलतीकडेच बसायची, आणि बिलावर सगळ्यात महत्त्वाचा शब्द तोच. शेवटी पीडीएफ थेट बनवायचा नाद सोडला. बिलाचं वेबपान तयार करायचं आणि सर्व्हरवरच्या क्रोमकडून ते छापून घ्यायचं, असं केलं. ब्राउझरला अक्षरं जुळवता येतात. हा आडमार्ग आजही तसाच चालू आहे, आणि मला त्याची अजिबात लाज वाटत नाही.

नोकरीचं काय, हे आधीच बघितलं होतं. नेमणूकपत्रात नेहमीचं कलम होतं: नोकरीत असताना जे काही तयार कराल ते कंपनीचं. मी एचआरला लेखी विचारलं. सात आठवड्यांनी उत्तर आलं, परवानगी तीन अटींवर. कंपनीचा लॅपटॉप वापरायचा नाही, कंपनीची वेळ वापरायची नाही, कंपनीच्या ग्राहकांशी संबंध नको. २०२२ साली आयटीत मूनलायटिंगवरून, म्हणजे नोकरी सांभाळून केलेल्या दुसऱ्या कामावरून, गदारोळ उठला तेव्हा त्या एका ईमेलमुळे मला शांत झोप लागली. दुसरी अट मात्र पुढे नडली.

तासाला ३७ रुपये

मार्च २०२३ अखेर माझ्याकडे ९ सोसायट्या होत्या. आमची स्वतःची आणि सासुरवाडीची फुकट, उरलेल्या ७ महिना ५०० रुपयांनी. वर्षाचे ४२,००० आले. सर्व्हर, डोमेन, एसएमएस आणि किरकोळ मिळून २१,००० गेले. उलाढाल वीस लाखांच्या मर्यादेच्या बरीच अलीकडे असल्यामुळे जीएसटीचा प्रश्न नव्हता. उरले २१,०००.

मी वेळेची वही ठेवायचो. आठवड्याला साधारण ११ तास, म्हणजे वर्षाला ५७० च्या आसपास. भागाकार करा, तासाला ३७ रुपये येतात. पण त्याहून वाईट आकडा वेगळाच होता. त्या ११ तासांतले प्रोग्रामिंगचे जेमतेम ४. उरलेले ७ तास फोन आणि व्हॉट्सअॅप.

कारण असं की सेक्रेटरी ही मुंबईतली सगळ्यात बिनपगारी आणि सगळ्यात वैतागलेली जमात आहे. माणूस निवृत्त असतो, काम भलेपणानं अंगावर घेतलेलं असतं, आणि कोणीतरी जिन्यात अडवून "माझं बिल जास्त कसं?" विचारलं की तो मला फोन करतो. तोही सकाळी अकरा वाजता, मी मीटिंगमध्ये असताना. मी ऑफिसच्या जिन्यात उभं राहून दबक्या आवाजात सिंकिंग फंड समजावलेला आहे. म्हणजे परवानगीची दुसरी अट मी आठवड्यातून चार-पाच वेळा मोडत होतो. २१,००० रुपयांसाठी नोकरी पणाला लावणं हा शुद्ध मूर्खपणा होता आणि तो मला दिसत होता.

मधल्या काळात केलेल्या दोन चुका थोडक्यात सांगतो. पहिली, तीन आठवडे घालवून मी दरमहा आपोआप पैसे कापून घेणारी व्यवस्था जोडली, कारण सॉफ्टवेअर विकणारे सगळे तसंच करतात. ती एकाही सोसायटीनं वापरली नाही. सोसायटीचे पैसे चेकनं जातात, चेकवर दोन सह्या लागतात, आणि खजिनदार गावी गेलेला असतो. महिन्याला ५०० रुपयांचा चेक कोण फाडणार? वर्षाचा एकच चेक मागायला लागलो त्या दिवसापासून वसुलीचा त्रास संपला. दुसरी चूक म्हणजे जो जे मागेल ते देत गेलो. एका सोसायटीला पार्किंगचा वेगळा दर, दुसरीला गणपती वर्गणीचा रकाना, तिसरीला बिलाच्या तळाशी सुविचार. एका मागणीला मात्र सुरुवातीपासून नाही म्हणालो: थकबाकीदारांची यादी एका बटणात सोसायटीच्या ग्रुपवर टाकायची सोय. ती आपल्या हातून नको.

तर ऑगस्ट २०२२ मध्ये मला डेंग्यू झाला, सप्टेंबरची बिलं दहा दिवस उशिरा निघाली, आणि दिवाळीनंतर एका सोसायटीची कमिटी बदलली. नव्या सेक्रेटरीनं "आम्हाला हे नको" म्हणून दोन ओळींत विषय संपवला. वर दिलेला ९ हा आकडा ती गेल्यानंतरचा. मार्चचा हिशेब मांडल्यावर मी बायकोला म्हणालो, चालू चेकची मुदत संपली की बंद करूया. ती म्हणाली, "मग सकाळी पाच वाजता उठून काय करणार?" आणि त्याच आठवड्यात ताईंचा फोन.

चूक कुठे होती

यात एक विनोद आहे. पैशाचे हिशेब दशांशात ठेवले की संगणक फसवतो, हे प्रत्येक प्रोग्रामरला माहीत असतं. ०.१ आणि ०.२ ची बेरीज तो ०.३०००००००००००००००४ सांगतो. त्यापासून मी फार सावध होतो. सगळे हिशेब पूर्णांक पैशांत, रुपया-पैसा विभागणी फक्त छापताना. एवढी काळजी घेणारा माणूस सरळव्याजात चुकला, जे शाळेत शिकवतात.

चूक मांडणीतच होती. प्रत्येक सभासदासमोर मी 'मागील शिल्लक' अशी एकच रक्कम ठेवली होती. त्यात मुद्दलही होतं आणि आधी लागलेलं व्याजही. पुढच्या महिन्याचं व्याज त्या अख्ख्या रकमेवर लागायचं. जो दोन-तीन महिन्यांत पैसे भरतो त्याच्या बिलात फरक एक-दोन रुपयांचा, कोणाच्या नजरेत न भरणारा. वर्षभर थकवणाऱ्याच्याच बिलात तो दिसायला लागतो, आणि थकवणारा बिल उघडूनही बघत नाही. म्हणून दीड वर्ष चाललं.

त्या रात्री सगळ्या वह्या चाळल्या. ६ सोसायट्या, ४१ सभासद, एकूण ८,९३० रुपये जास्तीचे. काही जणांनी ते भरलेलेही होते.

गुपचूप दुरुस्त करून टाकायचा मोह झाला, हे कबूल करतो. पुढच्या बिलात आकडे कमी आले असते आणि बहुतेकांना कळलंही नसतं. पण सोसायटीच्या वहीत मागचा आकडा न सांगता बदलणं म्हणजे ज्या कामासाठी लोक मला पैसे देत होते तेच मोडणं. म्हणून सहाही सेक्रेटरींना पत्र लिहिलं. चूक काय, कोणाच्या खात्यात किती, आणि पुढच्या बिलात ती रक्कम 'व्याज परत' अशा स्वतंत्र ओळीनं कशी दिसेल. चौघांनी "ठीक आहे" म्हटलं. एकानं फोनवर जे सुनावलं ते इथे लिहिण्यासारखं नाही. आणि एकांनी सांगितलं, "सप्टेंबरमध्ये वार्षिक सभा आहे, तुम्ही येऊन उभं राहा, मी तुमच्या वतीनं शिव्या खाणार नाही." गेलो. गच्चीवर प्लॅस्टिकच्या खुर्च्या, वर पावसाची ताडपत्री. वीस मिनिटं मला उलटसुलट विचारलं आणि मग सभा लिफ्टच्या कंत्राटाकडे वळली. बाहेर पडताना वेफर्सचं पाकीटही मिळालं.

ताईंच्या जेवणाच्या टेबलावर

खरं वळण त्याआधीच, मे महिन्यात आलं होतं. दुरुस्त केलेला हिशेब दाखवायला मी ताईंच्या घरी गेलो. जेवणाच्या टेबलावर एका बाजूला लोणच्याची बरणी, दुसऱ्या बाजूला १४ सोसायट्यांच्या फायली, मध्ये टॅली हे हिशेबाचं सॉफ्टवेअर उघडलेला संगणक. तोवर त्या 'तू'वर आल्या होत्या.

व्याजाचे तक्ते त्यांनी पेन्सिलनं तपासले आणि मान डोलावली. मग म्हणाल्या, "व्याजाचं सोड. ते बँक जुळवायचं पान दाखव परत."

त्या पानाला मी कधी महत्त्वच दिलं नव्हतं. यूपीआय आल्यापासून सभासद सोसायटीच्या क्यूआरवर पैसे टाकतात, आणि बँकेच्या उताऱ्यात फक्त पाठवणाऱ्याचा यूपीआय आयडी आणि नाव येतं. फ्लॅट आईच्या नावावर, पैसे पुण्यातल्या मुलाच्या खात्यातून. सुनेचं आडनाव माहेरचं. भाडेकरू परस्पर भरतो. कोणाचे पैसे आले ते शोधायचं कसं? मी काकांच्या कटकटीला कंटाळून एक सोय केली होती. उतारा चढवला की प्रोग्राम रक्कम आणि नाव बघून फ्लॅट सुचवतो, आणि एकदा का माणसानं सांगितलं की हा आयडी बी-३०४ चा, की तो कायमचं लक्षात ठेवतो. तिसऱ्या महिन्यापासून शंभरातल्या नव्वद नोंदी आपसूक लागतात.

"महिन्यातले सहा दिवस माझे ह्यात जातात," ताई म्हणाल्या. "तू हे सेक्रेटरींना काय विकतोस? त्यांना काय त्याचं? हे काम करतं कोण? मी. कमिटी पाच वर्षांनी बदलते, कधी दोन वर्षांत भांडून मोडते. मी वीस वर्षं तीच आहे."

मुंबईतल्या छोट्या सोसायट्यांचे हिशेब बहुतांशी असेच लिहिले जातात. एक अकाउंटंट, दहा-पंधरा सोसायट्या, शनिवार-रविवारी फेरी. हे मला दीड वर्ष माहीत होतं. पण मी त्यांना माझे प्रतिस्पर्धी समजत होतो. माझ्या जाहिरातीच्या पत्रकावर मी चक्क लिहिलं होतं, 'अकाउंटंटचा खर्च वाचवा'. ताईंनी ते पत्रक बघितलेलं होतं. त्यांनी तो विषय काढला नाही, हा त्यांचा मोठेपणा.

मोठ्या संकुलांसाठी मायगेटसारखी अॅप्स आहेत, त्यांच्या पाठीशी कंपन्या आणि माणसं आहेत. तीस-चाळीस फ्लॅटच्या इमारतींशी त्यांचं फारसं देणंघेणं नाही असा माझा अंदाज होता, म्हणून मी तिथे शिरलो. गिऱ्हाईक बरोबर निवडलं होतं, पण दार चुकलं होतं. तीस सोसायट्यांचे तीस सेक्रेटरी एकट्या नोकरदार माणसाला झेपत नाहीत. तीन अकाउंटंट झेपतात. त्यांना सिंकिंग फंड समजावावा लागत नाही. ते फोन करतात तेव्हा चूक खरोखरच माझी असते.

ताईंनी लगेच होकार दिला नाही. एक प्रश्न विचारला. "मागे तुला डेंग्यू झाला तेव्हा बिलं रखडली म्हणे. माझ्या १४ सोसायट्या तुझ्यावर टाकल्या आणि तू परत आजारी पडलास, तर?"

याला उत्तर नव्हतं. पुढचे दोन महिने नवीन काहीही न बनवता तेवढंच एक काम केलं. कुठल्याही सोसायटीचा सगळा हिशेब एका बटणात एक्सेलमध्ये आणि टॅलीत चढेल अशा रूपात बाहेर काढायचा. बिलं एक तारखेला मी असो-नसो आपोआप तयार व्हायची. आणि रोज रात्रीची प्रत दुसऱ्या जागी. महिन्यातून एकदा ती प्रत खरंच उघडते का ते बघायचं. हे शेवटचं न करणारे खूप जण मला माहीत आहेत, मीही त्यांतलाच होतो.

त्याच काळात मुद्दल आणि व्याज वेगळ्या खात्यांत केले. अर्धवट रक्कम आली तर ती आधी कुठे वळती करायची हा नियम सोसायटीच्या ठरावाप्रमाणे निवडता येईल असा ठेवला. एकदा पडलेली नोंद पुसायची नाही, चुकली तर उलट नोंद टाकायची. आणि ताईंकडून त्यांनी हातानं सोडवलेली १२ उदाहरणं लिहून घेतली: मध्येच फ्लॅट विकला गेला, जास्त पैसे भरले, चेक परत आला, असली. प्रोग्राममध्ये कुठलाही बदल केला की ती बाराही उदाहरणं आधी संगणक सोडवतो. एक जरी उत्तर ताईंच्या वहीशी जुळलं नाही तर नवा बदल चढतच नाही.

पुढे

दर बदलला. सोसायटीमागे वर्षाला ६,००० ऐवजी २,४००, पण चेक अकाउंटंटचा आणि फोनही त्यांचेच. जुन्या ९ जणांना सांगितलं की तुमच्या अकाउंटंटमार्फत या, नाहीतर सगळा हिशेब एक्सेलमध्ये देतो. दोघे गेले. आमच्या काकांना मात्र कोण सांगणार? ते अजून थेट आणि फुकट आहेत, आणि बिलाचा फोटो काढून "हे बघ जरा" पाठवतात.

ताईंनी पहिल्या वर्षी ४ सोसायट्या दिल्या, दुसऱ्या वर्षी उरलेल्या. त्यांच्या ओळखीतून डोंबिवली आणि घाटकोपरचे दोन अकाउंटंट आले. मार्च २०२५ अखेर पैसे देणाऱ्या ४६ सोसायट्या, म्हणजे १,१०,४०० रुपये. खर्च ३८,०००. आठवड्याला सरासरी ५ तास, वर्षाचे २६०. तासाला २७८ रुपये पडतात. नोकरीतल्या माझ्या तासाच्या मानाने हे अजूनही कमीच आहे. नोकरी सोडायचा विचार नाही, आणि या आकड्यांवर तो करूही नये. पण ऑफिसच्या जिन्यात उभं राहून बोललेला शेवटचा फोन मला आठवत नाही.

घाटकोपरचे अकाउंटंट यंदा सोडून गेले. त्यांच्याकडे एक टॉवर आला. तिथे महिन्याचं देखभाल शुल्क सभासदामागे ७,५०० च्या वर, त्यामुळे जीएसटी लागू, आणि त्याची विवरणपत्रं प्रोग्राममधूनच निघावीत अशी त्यांची मागणी होती. मी नाही म्हणालो. त्यांच्या ११ सोसायट्या गेल्या, वर्षाचे २६,४०० गेले. त्यांचा सगळा हिशेब त्याच संध्याकाळी बटण दाबून त्यांना पाठवून दिला.

ताईंना हे कळलं तेव्हा त्या एवढंच म्हणाल्या, "बरं केलंस. आता पाण्याच्या टँकरचा खर्च नळांवर वाटायचा की फ्लॅटवर, ते विचारायचंय. एक सोसायटी भांडतेय." तेरावं उदाहरण त्या वहीत लिहून आणणार आहेत.